घाटेसाहेबांचे वीस, मराठेबाईंचे पंचावन्न

मला झालेल्या आजारात ताप येत नाही, अंग दुखत नाही आणि भेटायला येणारा कोणी संत्री घेऊन येत नाही. नऊ वर्षं संसार करून मूल झालं नाही, एवढंच त्याचं लक्षण. आणि तेही घरात बायकोच्या नावावर मांडलेलं असतं. आता मी बरा आहे. ज्यांना हा आजार आहे आणि जे तो लपवून बसले आहेत त्यांच्यासाठी हे लिहितो. लपवण्यात मीही कोणाला हार गेलो नव्हतो, तेव्हा उपदेश करत नाही. घडलं तेवढं सांगतो.

मी हिंगणघाटला एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढतात त्या कारखान्यात, रुई पारखायच्या कामावर होतो. रुईची चिमूट घ्यायची, दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून ओढायची, तंतू सरळ करून लांबी बघायची, रंग बघायचा, कचरा बघायचा आणि प्रत सांगायची. मी प्रत सांगितली की विकणारा कुरकुरायचा, घेणारा कुरकुरायचा, पण शेवटी दोघंही मान डोलवायचे. त्यामुळे माझी स्वतःची मान जरा ताठच असायची. वामनरावांची नजर चुकत नाही असं लोक म्हणत आणि मलाही ते पटलेलं होतं.

घरात आम्ही तिघं. माय, मी आणि माझी बायको सुभद्रा. मायनं सुभद्राला नऊ वर्षांत काय काय पाजलं आणि कुठे कुठे नेलं, ते लिहायला बसलो तर दुसरं काही लिहून होणार नाही. सुभद्रा सगळं करायची. मीही तिला एकदाच म्हटलं होतं, "कर माय म्हणते त, काय बिघडते?" त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्या हंगामातली ही गोष्ट. शेजारची एक बाई सुभद्राला वर्ध्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथे मराठेबाई म्हणून डॉक्टर होत्या. त्यांनी दोन-तीन खेपा बोलावून तिला नीट तपासलं आणि माझ्या नावानं निरोप दिला, की हिच्यात काही दोष नाही, आता तुम्ही या.

मला असा राग आला की विचारू नका. हंगाम भरात होता, गाड्यांची रांग फाटकाबाहेर जायची, ते कारण आयतंच मिळालं. सुभद्रानं दोनदा आठवण केली. तिसऱ्यांदा केली नाही. असे मी तीन महिने काढले.

*

गेलो तेव्हा होळी जवळ आली होती. दवाखान्यात प्रयोगशाळेचे डॉक्टर घाटेसाहेब होते. उंच, कोरडे, शब्द मोजून वापरणारे. त्यांनी धोतर-बंडी उतरवायला लावून तपासलं आणि विचारलं, "संध्याकाळी डाव्या बाजूला जड वाटतं?" वाटायचं. दिवसभर उभं राहण्याचं काम, त्यामुळे असेल असं मी धरून चाललो होतो. ते म्हणाले, "वृषणावरच्या शिरा फुगल्यात." मग त्यांनी हातात एक रुंद तोंडाची बाटली दिली आणि व्हरांड्याच्या टोकाची खोली दाखवली.

त्या खोलीबद्दल कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. खोलीत एक खुर्ची असते, कडी असते आणि बाहेरून माणसांचे आवाज येत असतात. पस्तिशीचा बाप्या माणूस तिथे चोरासारखा उभा राहतो. लाज वाटते, घाम फुटतो, वेळ लागतो. पण मरत कोणी नाही. बाटली रुमालात गुंडाळून मी सिस्टरच्या हातात दिली, तेव्हा तिनं ती दह्याची वाटी घ्यावी इतक्या सहज घेतली. तिचे उपकार मी विसरलेलो नाही.

आठ दिवसांनी निकाल. घाटेसाहेबांनी सांगितलं, की वीर्याचा थेंब काचेच्या पट्टीवर पसरून, वाळवून, रंगवून ते सूक्ष्मदर्शक दुर्बिणीखाली बघतात आणि शंभर शुक्रजंतू मोजतात. चांगल्याचं डोकं अंड्यासारखं, शेपूट एक आणि सरळ. बाकीचे कोणी मोठ्या डोक्याचे, कोणी टाचणीच्या डोक्याचे, कोणी दोन शेपटांचे.

"संख्या ठीक आहे. पण शंभरात वीसच चांगले," ते म्हणाले. "आशा ठेवू नका असं म्हणत नाही. पण फार ठेवू नका."

त्यांनी कागदावर लिहून दिलं. तो कागद मी सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला आणि बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं. मी आयुष्यभर दुसऱ्यांचा माल हलका ठरवला होता. माझा कोणी ठरवेल हे डोक्यात आलंच नव्हतं. परतीच्या गाडीत मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

घरी विचारलं तर सांगितलं, "पुन्हा बोलावलं हाय." पुढचा पंधरवडा तो कागद माझ्या छातीशी होता आणि सुभद्रा मायनं दिलेला कडू काढा नाक दाबून पीत होती. मी समोर बसून जेवत होतो.

*

पुन्हा गेलो ते शिरांवर काही करता येईल का हे विचारायला. त्या दिवशी घाटेसाहेब नव्हते. मराठेबाई होत्या. ठेंगण्या, बोलक्या, चष्मा कपाळावर चढवून शोधणाऱ्या. त्या म्हणाल्या, "बघू तरी, मीही पाहते." त्यांनी माझी तीच काचपट्टी कपाटातून काढली, दुर्बिणीला डोळा लावून बसल्या आणि दहा मिनिटांनी म्हणाल्या, "छे हो! पंचावन्न आहेत की चांगले." त्यांनीही कागद लिहून दिला.

तेव्हा माझ्या खिशात दोन कागद झाले. एकाच काचेचे. एकावर वीस, एकावर पंचावन्न.

आता माझी चूक सांगतो. रुईच्या धंद्यात आम्ही रोज बघतो, की दोन पारख्यांच्या प्रती वेगळ्या आल्या तर विकणाऱ्याला नेमकी वरची प्रत खरी वाटते. त्या माणसाला मी जन्मभर हसत आलो. त्या दिवशी मीच विकणारा झालो. वीसचा कागद चामड्याच्या पाकिटात खाली सरकवला आणि घरी गेल्या गेल्या मायसमोर पंचावन्नचा उलगडला. "डाक्टरनं लिहून देल्लं. मी चांगला हाय."

मायला वाचता येत नव्हतं, तरी तिनं कागद उलटसुलट करून पाहिला आणि कपाळाला लावला. "मी म्हणत नव्हती? आपल्या घरात कसर नाईच!"

सुभद्रा चुलीपाशी होती. तिनं मान वळवून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा भाकर थापायला लागली.

मी चांगला म्हणजे मग दोष कोणात, हा हिशेब करायला मायला वेळ लागला नाही. तिसऱ्या दिवशी तिनं आर्वीला निरोप धाडला. तिच्या मावसभावाची मुलगी लग्नाची होती. मी म्हटलं, "माय, दुसरी बायको करता येत नाई आता. सरकारनं कायदा केला."

"सरकार येते काय आपल्या घरी पाळणा हालवाले?" माय म्हणाली. "अन् सुभद्रेले कोणी काढून राह्यलं काय? राहीन तीही. मोठी बहीण म्हून राहीन."

बैठकीला पाव्हणे पुढच्या महिन्यातल्या रविवारी येतील असं ठरलं. मला एक वाक्य बोलायचं होतं आणि ते तोंडातून निघत नव्हतं. न निघण्याचं कारणही मी शोधून ठेवलं होतं: डॉक्टरांचंच जिथे एकमत नाही, तिथे मी कशाला घाई करू?

*

ते कारण सर्जनसाहेबांनी काढून घेतलं. शिरांच्या ऑपरेशनसाठी मला त्यांच्याकडे पाठवलं होतं. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले.

"वीस असतील तर मी चाकू लावून फार काही साधणार नाही. पंचावन्न असतील तर चाकूची गरजच नाही. कोणता खरा ते आधी ठरवून या."

मी सरळ प्रयोगशाळेत गेलो. घाटेसाहेब आणि मराठेबाई दोघंही होते. मी म्हटलं, "साहेब, आमच्या जिनमध्ये असं झालं तर आम्ही भांडत नाही. एक रीत आहे."

"कसली रीत?"

"दोन पारखी पाठीला पाठ लावून बसतात. नमुना वर्तमानपत्रात गुंडाळलेला, वर नुसता आकडा. माल कोणाचा ते माहीत नाही. प्रत आपापल्या पाटीवर लिहायची, पाटी पालथी ठेवायची. दोघांचं लिहून झालं की मग उलटायची. आणि सकाळी पाहिलेला नमुना दुपारी नवा आकडा घालून परत समोर येतो. माणूस दुसऱ्याशी जुळतो की नाही हे नंतरचं. स्वतःशी जुळतो की नाही हे आधी."

घाटेसाहेब लाल झाले. "अहो, ही रुई नाही!"

"नाही साहेब. रुई चुकली तर पुन्हा पिंजता येते."

मराठेबाई हसल्या. "घाटे, करू या. मलाही बघायचंच आहे."

दुसऱ्या दिवशी सिस्टरनं बारा काचपट्ट्यांवरची नावं कागद चिकटवून झाकली आणि वर नुसते आकडे घातले. त्यांतली एक माझी. सकाळी दोघांनी आळीपाळीनं मोजल्या. जेवणानंतर सिस्टरनं आकडे बदलून त्याच बारा पुन्हा दिल्या. मी दिवसभर व्हरांड्यातल्या बाकावर बसून होतो. इतकी धाकधूक मला लग्नाच्या बोलणीतही झाली नव्हती.

संध्याकाळी मला आत बोलावलं. माझ्या काचेवर घाटेसाहेबांचे सकाळी चोवीस होते आणि दुपारी एकेचाळीस. मराठेबाईंचे सकाळी पन्नास आणि दुपारी छत्तीस. दुसऱ्यांच्या काचांचीही तीच तऱ्हा. मला वाटलं, आता साहेब मला हाकलून देणार.

घाटेसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "वामनराव, मी माझ्याशीच जुळत नाही," ते म्हणाले. "या टेबलावरून मी किती जणांना कागद लिहून दिले असतील."

शिकलेल्या माणसानं एका जिनवाल्यासमोर असं म्हणावं, याचं मला फार वाटलं. मी उगाच खाली बघत राहिलो. मग मोठ्या धाडसानं विचारलं, "साहेब, टेबल या खिडकीत काऊन आहे? दुपारी इथं ऊन येतं. आम्ही रुई उत्तरेच्या खिडकीशिवाय पाहतच नाही. उन्हात पिवळी रुईही पांढरी दिसते."

दुर्बीण तर खिडकीच्या उजेडावरच चालायची, खाली छोटा आरसा होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्याच संध्याकाळी टेबल हललं, एक पाय मीच धरला होता.

पुढचं काम त्यांचं त्यांनी केलं. दोघं शेजारी बसून एकेक जंतू बघत भांडले. कळलं असं, की डोकं जरा निमुळतं दिसलं की घाटेसाहेब त्याला बाद करत. आणि मराठेबाई डोकं बघून खूश झाल्या की शेपटाकडे बघतच नसत. मग चांगला कोणाला म्हणायचं हे त्यांनी लिहून काढलं, आणि ज्यांच्याबद्दल दोघांचं एकमत झालं अशा काही काचा एका पेटीत नमुना म्हणून ठेवल्या. आमच्या जिनमध्येही तशी पेटी असते, मोजायला बसण्याआधी तिच्यात डोकावायचं.

बारा दिवसांनी मी पुन्हा त्या खोलीत गेलो. या वेळी घाम फुटला नाही. नवी काच, नाव झाकलेलं, दोघं वेगवेगळ्या वेळी. घाटेसाहेबांचे तेहेतीस आले, मराठेबाईंचे छत्तीस. दोन्ही आकडे त्यांनी एकाच कागदावर लिहून दिले.

"म्हणजे हलकी प्रत," मी म्हटलं.

"हलकी आहे," घाटेसाहेब म्हणाले. "पण मूल व्हायला रुईची अख्खी गठाण लागत नाही हो, एक तंतू पुरतो." आणि तो कोरडा माणूस पहिल्यांदा हसला.

खरं सांगतो, पंचावन्नच्या कागदानं मला जी झोप दिली नव्हती ती तेहेतीसनं दिली. वाईट आहे पण खरं आहे, एवढं कळलं की माणसाला पाय टेकायला जमीन मिळते. सर्जनसाहेब म्हणाले, "या आकड्यावर मी चाकू लावतो."

*

रविवारी आर्वीचे पाव्हणे आले. मुलीचा बाप आणि त्याचा भाऊ. मायनं सतरंजी टाकली होती, नवं लुगडं नेसली होती. सुभद्रा आत चहा करत होती. स्वतःच्या सवतीच्या बापासाठी चहा करत होती, हे मी तोवर स्वतःशीही म्हटलं नव्हतं. मुलीचा बाप म्हणाला, "मंग जावईबापू, तुमचं काय म्हणणं हाय?"

मी तिन्ही कागद सतरंजीवर ठेवले. "मामा, पोरीले दुसरीकडं पाहा. लेकरू होत नाई ते माह्यामुळं, दोन डाक्टरायनं येगयेगळं मोजलं हाय. सुभद्रात काई दोष नाई. मायले मी खोटा कागद दाखवला."

"येडा झाला का बे?" माय ओरडली. "कोनं शिकवलं तुले? तिनं शिकवलं?"

"कोनी नाई शिकवलं. दोन महिने होत आले, मले मालूम हाय. मी बोललो नाई."

पाव्हण्यानं टोपी डोक्यावर घातली. भला माणूस होता. "आमची पोरगी वाचली अन् तुमचा संसार वाचला," एवढं म्हणून उठायला लागला. तेवढ्यात सुभद्रा चहाचे कप घेऊन दारात आली. "चहा त घेऊन जा," ती म्हणाली. सगळे पुन्हा खाली बसले आणि मुकाट्यानं चहा प्याले. तसा चहा मी पुन्हा कधी प्यालो नाही.

ते गेल्यावर माय देवाच्या कोनाड्यासमोर तोंड करून बसली. मी चुलीपाशी गेलो. मला वाटलं होतं सुभद्रा रडेल, निदान हात धरेल. तिनं कप विसळत विसळत विचारलं, "ज्या दिवशी कागद भेटला त्या दिवशी काऊन नाई सांगतलं?"

"हिंमत नाई झाली."

"मले त पंचावन्नवाला कागद पाह्यला तवाच समजलं होतं. मराठेबाईनं मले सांगतलं होतं का तू चांगली हाय. दोघंही चांगले असतो, त लेकरू काऊन नाई?"

"मंग बोलली काऊन नाई?"

"तुमी कवा बोलता ते पाहून राह्यली होती."

त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तो तिचा हक्क होता. पाचव्या दिवशी तिनं माझी दवाखान्याची पिशवी भरून ठेवली. तिच्यात दोन धोतरं होती, पंचा होता आणि मला आवडणारा जवसाच्या चटणीचा डबा होता. मी समजायचं ते समजलो.

*

ऑपरेशन लहान होतं. त्याची भीती बाळगू नका. मी बाळगली आणि काही उपयोग झाला नाही. पुरुषांच्या वॉर्डात मी दहा दिवस होतो. पहाटे पाचला सिस्टर तोंडात थर्मामीटर घालून झोपमोड करते, सहाला चहा येतो, दहाला डॉक्टरांची फेरी येते आणि त्यानंतर दिवस संपता संपत नाही. टाके ओढतात. हसलं की जास्त ओढतात. माझ्या शेजारच्या खाटेवर पुलगावच्या गिरणीतला एक कामगार होता, हर्नियाचा. तो रोज एक गोष्ट सांगून मला हसवायचा आणि मग दोघंही पोट धरून कण्हायचो.

वाचणारा शेवटी विचारतोच, तेव्हा सांगून टाकतो. दोन वर्षांनी आम्हाला मुलगी झाली. ती ऑपरेशनमुळे झाली का, हे मी घाटेसाहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले, "एका काचेवरून मी आता काही सांगत नाही." माझा त्यांच्यावरचा विश्वास त्यामुळे वाढला. ज्यांच्या हाती असा कागद पडेल त्यांना मी एवढंच म्हणेन, की दुसऱ्या माणसाकडून मोजून घ्या, नाव झाकून मोजून घ्या. आणि दोन कागद मिळाले तर घरी दोन्ही दाखवा.

पण माझा आजार मुलगी झाली तेव्हा बरा झाला नाही. तो बरा झाला ऑपरेशननंतर सहाव्या दिवशी, दुपारी, भेटीच्या वेळी. सुभद्रा रोज यायची. माय त्या दिवशी पहिल्यांदा आली. पाव्हणे आले त्या रविवारपासून तिनं त्या विषयावर अवाक्षर काढलं नव्हतं. स्टुलावर बसून ती खिडकीबाहेर बघत होती. शेजारच्या गिरणीवाल्याची म्हातारी आईही आली होती. दोन म्हाताऱ्या एका ठिकाणी आल्या की गाव, जात, नातेवाईक सगळं निघतं, तसं निघालं. मग गिरणीवाल्याच्या आईनं सुभद्राकडे बघून विचारलं, "अन् लेकरं किती हायेत सुनेले?"

"नाई," माय म्हणाली.

"अगंबाई! किती वर्सं झाली? दाखवलं नाई काय तिले कोठं?"

सुभद्रा माझ्यासाठी तांब्यातून पाणी ओतत होती. तिचा हात थांबला. मी डोळे मिटून घेतले, आता मायच्या तोंडून तेच निघणार जे नऊ वर्षं निघत आलं होतं.

मायचा आवाज मुळातच मोठा. वॉर्डाच्या त्या टोकाला ऐकू जाईल असं ती म्हणाली, "तिले कायले दाखवाव? सून माही चांगली हाय. कसर माह्या पोरात हाय. दोन डाक्टरायनं मोजून पाह्यलं, येगयेगळं बसून!"

वीस खाटांवरच्या वीस माना माझ्याकडे वळल्या. मी चादर डोक्यावरून ओढून घेतली. आत अंधारात टाके ओढत असताना मला सुभद्राचं हसू ऐकू आलं. लग्न झाल्यापासून मायसमोर ती पहिल्यांदाच इतकी मोठ्यानं हसत होती.